नुसत्या कवचावरून लिंपेटची उपजात ठरवावी का?

शिंपलेवेडी:
विषय ईलग्रास या समुद्री गवतावरच्या लिंपेटचा, म्हणजे टोपीसारखं कवच असलेल्या समुद्री गोगलगायीचा, नाव लोटिया ॲल्व्हियस. हिच्या उपजाती दोन. पॅरॅलेला अलास्का ते ब्रिटिश कोलंबिया, ती अजून आहे. दुसरी ॲल्व्हियस ॲल्व्हियस, लॅब्राडॉरपासून न्यूयॉर्कपर्यंत असायची, पण १९३० नंतर रोग पडून अटलांटिकचं ईलग्रास मेलं आणि ती त्या पात्यांवरच जगायची म्हणून तीही गेली. उरली ती म्युझियममधली कवचं. माझं ठाम मत आहे की कवच नीट बघितलं तर ओळख पटते. सेंटीमीटरभर लांब, दोन्ही बाजू जवळजवळ समांतर, तपकिरी रंगावर फिक्या ठिपक्यांची जाळी. त्याच अटलांटिक किनाऱ्यावरची दुसरी लिंपेट टेस्टुडिनॅलिस खडकावरची, रुंद, अंडाकृती आणि बरीच मोठी, घोटाळा होईलच कसा?

ओहोटी०७:
होतो ना ताई! अरुंद कवच पात्यावर राहिल्याचं सांगतं, नातं नाही सांगत. कॅलिफोर्नियात सर्फग्रास या दुसऱ्या समुद्री गवतावर राहणारी लिंपेट पॅलेशिया बघा, पात्याएवढीच अरुंद आणि जात साफ वेगळी. जुन्या पुस्तकांत ॲल्व्हियसला टेस्टुडिनॅलिसचाच गवतावर वाढलेला प्रकार धरायचे ते उगाच नाही. रॅड्यूला, म्हणजे जिभेवरची दातांची पट्टी, तपासल्याशिवाय मी तरी नाव देणार नाही.

बोस्टनकर:
पण ॲल्व्हियस आणि टेस्टुडिनॅलिसला असं एकाच जातीत टाकण्याची किंमत बघा की. अटलांटिकच्या ॲल्व्हियसचा शेवटचा जिवंत नमुना १९२९ चा, आणि ती नामशेष झाली हे छापून आलं १९९१ मध्ये, जेम्स कार्लटन आणि सहकाऱ्यांच्या पेपरमध्ये. नुसता 'प्रकार' समजला तर कोण शोधायला जाणार? त्या पेपरात गीरात व्हर्माय पण होते, लहानपणापासून अंध, शिंपले बोटांनी चाचपून अभ्यासतात. कवचात किती माहिती असते ते अशा माणसाकडे बघून कळतं, मला तर फार आदर वाटतो.

ओहोटी०७:
आदर मलाही आहे, पण तुम्ही जात आणि उपजात एकत्र करताय. जात कवचावरून ओळखता येईल असं क्षणभर धरू. उपजातीचं काय? दोन्ही अरुंद, दोन्ही ईलग्रासवरच्या. लेबल झाकून ठेवा आणि कवच हातात घेऊन अटलांटिक की पॅसिफिक सांगा. आपण उपजात वाचतो ती लेबलवरच्या गावावरून आणि म्हणतो कवचावरून ओळखली.

शिंपलेवेडी:
लेबल हा पण नमुन्याचाच भाग आहे, कुठून आणि कधी गोळा केलं हे नसेल तर कुठलाच नमुना कामाचा नाही. लेबल हरवलेलं असेल तर मी जातीपर्यंत लिहीन आणि उपजातीची जागा मोकळी सोडीन, हे मान्य. पण जात मात्र कवचावरूनच लिहीन कारण कोरड्या कवचात दात तपासायला मांस राहिलेलंच नसतं, मग काय ती सगळी बिननावाची ठेवायची?

ओहोटी०७:
बिननावाची नको, पण नावापुढे प्रश्नचिन्ह टाका. स्पिरिटमधला, मांसासकट नमुना मिळाला की ते खोडता येईल.