मदत हवी आहे : नायट्रेट घटते, पण नायट्राइट उरते

आमच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ९० मिलिग्रॅम आहे. भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. ऑक्सिजनविना नायट्रेटवर श्वसन करणारे जिवाणू वाढावेत म्हणून बंद पिंपात खडी भरून, तळ्यातला गाळ विरजणासारखा घालून, कार्बनसाठी व्हिनेगर देत पाणी खालून वर सोडले आहे. खडीवर बुळबुळीत थर धरला आणि नायट्रेट २० वर आले, परंतु पिंपातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात नायट्राइट (नायट्रेटचे वायू होण्याआधीचे अर्धवट रूप) दिसते, जे अधिकच घातक. प्रवाह निम्मा करूनही फरक पडला नाही; व्हिनेगर वाढवल्यावर कुजकट वास आला. पाण्याचा सामू (pH) ७.५ आहे. हे पाणी तूर्त फक्त झाडांना देतो. आरओ नको, कारण त्याचे सांडपाणी पुन्हा जमिनीतच मुरणार. नायट्राइटचे पुढे नायट्रोजन वायूत रूपांतर कार्बनअभावी अडते की जिवाणूंना पोषक म्हणून लागणाऱ्या फॉस्फरसअभावी, हे घरगुती चाचणीने कसे ओळखावे?