आंबोलीचा उडता बेडूक आणि अमेरिकेतला वृक्षबेडूक एकाच कुळातले का?

रानवाट: नमस्कार. जुलैमध्ये आंबोलीला रात्री पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे पांढरे घरटे आणि त्याला बिलगलेला हिरवागार मलबार उडता बेडूक पाहिला. बोटांमधले पडदे शेंदरी होते. मध्य अमेरिकेतल्या लाल डोळ्यांच्या वृक्षबेडकाच्या बोटांनाही तशाच गोल गाद्या असतात. हे दोघे नातलग आहेत का?

मृद्गंध: जवळचे नाहीत, आणि मला तेच सर्वांत विलक्षण वाटते. आपला बेडूक आशिया व आफ्रिकेत पसरलेल्या रॅकोफोरिडी कुळातला आहे, तर तो अमेरिकेतला हायलिडी आणि त्याच्या निकटच्या कुळांच्या शाखेतला. झाडावर राहण्याची गरज सारखी असल्यामुळे दोन्हीकडे गाद्या स्वतंत्रपणे विकसित झाल्या. त्यांवरच्या बहुतांशी षटकोनी पेशींमधल्या बारीक खाचांतून चिकट द्राव पसरतो आणि ओल्या पानावरही पकड टिकते.

पाणथळ: फरक अंड्यांत पाहा. आपल्याकडची मादी स्रवलेला द्राव मागच्या पायांनी घुसळून फेस करते. त्याचा वरचा थर सुकतो, आत ओल राहते आणि पिल्ले खालच्या पाण्यात पडतात. लाल डोळ्यांची मादी पानावर नुसती जेलीसारखी अंडी घालते, पण सापाने हल्ला केला की त्या कंपनाने पुरेशी वाढलेली पिल्ले मुदतीआधीच बाहेर पडून पाण्यात उड्या घेतात.

रानवाट: मनःपूर्वक आभार. माझ्या छायाचित्रात घरट्याखालीच डबके दिसते, त्याचे कारण आता उमगले.