पॉक्सोत सपोर्ट पर्सन झालेय, ट्रेनिंग फक्त दोन दिवसांचं. काम शिकायचं कुठे?

सातपुडा_पायथा:
नमस्कार. मी शहाद्याकडची, धुळ्याहून एमएसडब्ल्यू केलं. पॉक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा; त्यातल्या केसमध्ये तपासापासून कोर्टापर्यंत मुलाच्या सोबत राहायचं, ते सपोर्ट पर्सनचं काम. मागच्या पावसाळ्यात बालकल्याण समितीकडून पहिली केस मिळाली. त्याआधी दोन दिवसांचं ऑनलाइन ट्रेनिंग, तेही हिंदीतून. स्लाइडवर कलमं, शेवटी प्रश्नमंजुषा, मग प्रमाणपत्राची पीडीएफ. त्यातलं कलम २४ मला तोंडपाठ होतं: जबाब मुलीच्या घरी नाहीतर तिला हव्या त्या जागी, पोलीस गणवेशात नकोत. ते सगळं झालंही व्यवस्थित. घोळ मी घातला.

मुलगी पावरी बोलते, इकडची आदिवासी बोली. मला अहिराणी येते, पावरी मोडकीतोडकी. पोलीस मॅडम विचारायच्या, ही दोन शब्द बोलून ओढणीचं टोक चावत बसायची, आणि पुढचं वाक्य मी पुरं करायची. मला वाटायचं, मदत करतेय. आता कोर्टात तिला जबाबातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला. तिला तो शब्दच माहीत नाही. माझा शब्द होता तो. बचावाचे वकील लगेच म्हणाले, साक्षीदार पढवलेली आहे.

झोप लागत नाही. घरी काही सांगता येत नाही, आई तर म्हणते सोडून दे. तुम्ही लोक हे काम कसं शिकलात?

चोपड्याचा_वकील:
ताई, आधी पोस्टमधलं गावाचं नाव काढा. आश्रमशाळेचंही. कलम २३ माध्यमांना लागतं, आणि ही जागा काही घराचा ओटा नाही.

सातपुडा_पायथा:
काढलं दोन्ही. चुकलं सर.

चोपड्याचा_वकील:
आता मुद्द्यावर. भाषांतर तुमचं काम नव्हतंच. कलम २६ प्रमाणे जबाब मुलगी बोलेल तसाच लिहायचा असतो, आणि गरज पडली तर पोलीस दुभाषा घेऊ शकतात. कोर्टासाठी हीच सोय कलम ३८ मध्ये आहे. २०२० च्या नियमांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते. त्यासाठी भाषेची पदवीच हवी असं नाही. मातृभाषा असली, किंवा त्या भागात राहून-काम करून भाषा आलेली असली तरी चालतं. सरकारी वकिलांना आजच सांगा, पुढच्या तारखेला दुभाषा मागा म्हणावं. एका शब्दाने केस पडत नाही.

गिरणाकाठ_७७:
एवढं कशाला? आदल्या दिवशी पोरीला बसवून उत्तरं पाठ करून घ्यायची. सगळे तेच करतात.

भुसावळची_समुपदेशक:
गिरणाकाठ, हे करणाऱ्यांच्याच केसेस पडताना पाहिल्यात मी. पोरीला एक शब्दही शिकवायचा नाही.

सातपुडा ताई, वकीलसाहेबांनी कायदा सांगितला, मी पिशवीचं सांगते. एकोणीस वर्षं झाली मला यात. सुरुवातीला मेडिकलच्या वेळी पोरीचे कपडे पुराव्यासाठी ठेवून घेतले. कायद्याने बरोबरच होतं. पण पोर आता घरी काय घालून जाणार, याचा विचार कोणीच केला नव्हता, मी धरून. शेवटी नर्सबाईंनी कोणाचा तरी गाऊन दिला. तो तिच्या पायात येत होता, एका हाताने वर धरून ती एसटीत चढली. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक ड्रेस, चड्डी, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा कायम असतो. हे कुठल्या स्लाइडवर दिसलं तुला?

नव्या मुलींना मी एक खेळ देते. मागच्या सोमवारी दुपारी काय जेवलात, ते तीन जणींना वेगवेगळं सांगायचं: एक पोलीस, एक डॉक्टर, एक न्यायाधीश. शेव-भाजी एका ठिकाणी भरीत होते, भाकरीची पोळी होते. मग विचारते, खोटं कोण बोललं? पोरीचं सांगणं जरा इकडेतिकडे झालं की आपण दचकतो ना, ते दचकणं यानंतर कमी होतं.

दुसरं काम म्हणजे नुसतं बसायचं. कोर्टाच्या व्हरांड्यात तीन तास, फोन बंद. समोरच्या टपरीवर आरोपीचे काकामामा चहा पीत असतात. आरोपी मुलीच्या नजरेस पडू नये म्हणून कलम ३६ आहे, पण ते कोर्टात साक्षीच्या वेळी. व्हरांड्यातलं तुलाच बघावं लागतं. कुठल्या दाराने आत न्यायचं, ते आदल्या दिवशीच शिपाईभाऊंना विचारून ठेव. जमलं तर रिकामं कोर्टही दाखव पोरीला: इथे साहेब बसतात, इथे तू. बाकी घटनेबद्दल एक प्रश्न विचारायचा नाही. ती म्हणाली, “माले घर जानं शे,” तर “नाही, थांब” म्हणायचं नाही, किती वेळ लागेल ते खरं सांगायचं.

तुझ्या झोपेचं. निमहान्सने, म्हणजे बेंगळुरूच्या मानसिक आरोग्याच्या संस्थेने, २०२२ पासून सखी केंद्रांतल्या (अत्याचार झालेल्या बायकांना मदत करणारी सरकारी केंद्रं) लोकांसाठी ‘स्त्री मनोरक्षा’ ट्रेनिंग सुरू केलं. तुमच्याकडच्या सखी केंद्रात ते कोणी केलंय का बघ, आणि त्या बाईशी महिन्यातून एकदा बोल. नाव-गाव न सांगताही बोलता येतं. आणि एवढं मनाला लावून घेऊ नको माय. मी पहिल्या वर्षी याहून मोठे घोळ घातलेत, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

चोपड्याचा_वकील:
मनोधैर्य योजनेचा, म्हणजे पीडितांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा अर्ज केलाय का? नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. घरचे बहुधा लाजून विचारत नाहीत.

सातपुडा_पायथा:
अर्ज झालाय सर. नोंदवहीत पावरीपुढे एकच नाव निघालं, ते गुरुजी बदलून गेलेत. दुसऱ्या तालुक्यातल्या एक अंगणवाडी ताई तयार झाल्या. मुद्दाम लांबच्या बघितल्या, गावातलं कोणी नको म्हणून. गुरुवारी तारीख आहे. काल शहाद्याच्या बाजारातून एक ड्रेस घेतला, पुढच्या केससाठी. जरा मोठाच घेतलाय, पण पायात येणार नाही असा.

खर्चाचं अजून कोणी काही बोललेलं नाही. एसटीची तिकिटं जपून ठेवतेय, अर्धी का असेनात.