विषय: भाच्याचं लग्न कोल्हापुरात करावं का?

मंडळी, नमस्कार.

कोल्हापूरहून लिहितोय, मंगळवार पेठेतून. लेक तुमच्या मंडळात आहे, तिच्याच पत्त्यावरून हा मेल. माझा भाचा २०१९ साली टुरिस्ट व्हिसावर तिकडं अमेरिकेला गेला. सहा महिन्यांची मुदत संपली, हा काही परतला नाही. हॉटेलात काम करतोय. आता एका मुलीशी जमलंय. पोरगी जन्मानं अमेरिकन, आईबाप सांगलीकडचे. आम्हाला पसंत आहे. बहिणीचा हट्ट, अक्षता कोल्हापुरातच पडायच्या आणि मग जोडीनं जोतिबाला जायचं. मे महिन्याच्या हॉलला ॲडव्हान्सही दिलाय. इथला एक एजंट म्हणतो, लग्न झालं की पोरगा बायकोच्या जोरावर दोन महिन्यांत परत जातो. मला काही हे पटंना. कुणाला ठाऊक असेल तर कळवा.

– मंगळवार पेठेतला मामा

*

मामा, सप्रेम नमस्कार.

मी मूळची कोल्हापुरातल्याच राजारामपुरीची, म्हणून हक्कानं सांगते. आजच हॉलवाल्याला फोन करा. भाच्याला कोल्हापूरला येऊ देऊ नका.

इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, १९९६ च्या कायद्यानुसार १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून देश सोडला तर ३ वर्षं परत येता येत नाही. एक वर्ष किंवा जास्त राहिला असेल तर १० वर्षं. आणि ही बंदी लागते ती देश सोडल्यावर. जोतिबाचा गुलाल अंगावरून उतरायच्या आत पोरगा दहा वर्षांसाठी कोल्हापुरात अडकायचा. माफीचा अर्ज असतो, पण त्यात बायकोचे फार मोठे हाल होतील हे कागदांनिशी दाखवावं लागतं. नुसती नवऱ्याची आठवण येते म्हणून भागत नाही.

तो व्हिसावर रीतसर उतरलाय, ही जमेची बाजू. त्याचं आय-९४ (देशात रीतसर आल्याची नोंद) जपून ठेवायला सांगा. बायको नागरिक असेल तर मुदत उलटून राहणं आणि परवान्याशिवाय केलेलं काम, दोन्ही ग्रीन कार्डच्या (कायम राहण्याच्या परवान्याच्या) अर्जात आडवं येत नाही. (ती नुसती ग्रीन कार्डवाली असती तर आलं असतं.) इथंच काउंटीत (म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत) लग्न नोंदवायचं, आय-१३० (बायकोनं नवऱ्यासाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (त्याचा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरायचे. मुलीचं उत्पन्न सरकारी दारिद्र्य मर्यादेच्या १२५ टक्के हवं, नाहीतर दुसरा जामीनदार. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कार्ड मिळालं तर ते दोन वर्षांपुरतंच असतं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (दोन वर्षांची अट काढायचा अर्ज) भरावा लागतो.

एक मात्र त्याला खोदून विचारा. नोकरीच्या फॉर्मवर 'अमेरिकन नागरिक' या चौकटीत कधी खूण केली होती का? त्याला माफी जवळपास नाहीच.

आणि इथं नोटरीच्या पाटीला भुलू नका म्हणावं. आपल्याकडं नोटरी हा वकीलच असतो, इथं तो फक्त सही-शिक्क्याचा माणूस.

तुमच्याकडचं काम एवढंच: भाच्याचा महापालिकेचा जन्मदाखला काढून बघा. जुन्या दाखल्यांत बऱ्याचदा बाळाचं नावच नसतं.

*

ताईंनी लिहिलंय ते बरोबर, फक्त एक जोडतो. अर्ज भरला म्हणजे पोरगा सुरक्षित झाला असं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगोत ग्रीन कार्डच्या मुलाखतीला आलेल्या, व्हिसा संपलेल्या नवरा-बायकोंपैकी काहींना तिथंच पकडलं. अर्ज करण्याआधीच इमिग्रेशनचा वकील गाठा, आणि मुलाखतीला तो सोबत हवाच. नात्याचे पुरावे आत्तापासून जमवा: एकत्र भाडेकरार, बँक खातं, फोटो. नुसत्या लग्नातल्या फोटोंवर कुणी विश्वास ठेवत नाही.

*

मंडळी, आभार मानावे तेवढे थोडेच.

हॉलवाला निम्मे पैसे परत देतो म्हणाला. बहीण दोन दिवस जेवली नाही, मग माझ्यावरच तापली: 'तुझ्या त्या एजंटाला आधी आणून बसीव इथं!' एजंट तिनंच शोधला होता, पण असो. लग्न व्हिडिओवर बघायचं ठरलंय. आमच्याकडं रात्र असंल, चालतंय.

दाखला काढून बघितला. आईचं नाव आहे, बापाचं आहे, बाळाच्या नावाचा रकाना कोरा. सोमवारी महापालिकेत जातोय.