मदत हवी आहे : नववीच्या मुलांना ग्रंथालयात नेऊन नेमकं काय करून घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात नववीला इतिहास शिकवते. सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे मुलं घडाघडा म्हणतात. परवा एकीने विचारलं, "बाई, हे आपल्याला कळलं कुठून?" फार बरं वाटलं!

म्हणून मुलांना मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचं ठरवलंय. काचेच्या जमिनीतून खालच्या मजल्यावर उतरणारा उजेड बघूनच ती हरखतील. पण पुढे? गेल्या वर्षी वर्गात जुन्या अहवालाची दोन पानं दिली, तर मुलं पहिल्या परिच्छेदातच अडकली, आकड्यांचे तक्ते कुणी पाहिलेच नाहीत.

सगळ्यांना एकच पान द्यावं की गटागटाला वेगळं? आधी ग्रंथपालांना भेटून काय काय काढून ठेवायला सांगावं? कुणी असा तास घेतला असेल तर तुमचे प्रश्न इथे टाका ना.