सोमवार ते शनिवार : आपला विश्वास रोजच्या कामात कुठे दिसतो? (गोव्यातले अनुभव)

नमस्कार मंडळी. मी फोंड्याला राहते, माहेर अहिल्यानगरचं. ना. वा. टिळकांची भजनं आणि संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना यांत वाढले. आता आजूबाजूला कोकणी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि लदीन (क्रुसापाशी किंवा घरी गायली जाणारी प्रार्थना). गोव्यात मराठी बोलणारे ख्रिस्ती थोडे आहेत आणि विखुरलेले आहेत. कुणी वसईहून लग्न होऊन आलेली, कुणी नगर-सोलापूरकडून कामासाठी आलेले, कुणी इथलेच, मराठी शाळेत शिकलेले. तरी ज्या भूमीत इंग्लंडहून आलेले धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचलं आणि १६१६ साली राशोलला ते छापून निघालं, तिथे आपण परके नाही, असं मला मनापासून वाटतं.

तुमचे अनुभव खाली लिहा. रविवारचं लिहू नका, ते आपल्या सगळ्यांचं जवळपास सारखंच असतं. मजुरी चुकती करताना, रात्रपाळी लागल्यावर, हातात मोबाइल असताना विश्वास तुमच्याकडून नेमकं काय करून घेतो, ते लिहा. नाव नको, गाव आणि काम पुरे.

माझं थोडक्यात सांगते. मोबाइल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, उशाशी बायबल. सकाळी एक स्तोत्र मोठ्यानं वाचते. मोठ्यानं वाचलं की मन भरकटत नाही, आणि डबा भरून घ्यायला आलेल्या मुलांच्या कानावर चार ओळी पडतात.

म्हापसा, गृहिणी

मी वसईची, सासर बार्देशातलं. आमच्याकडे दिवेलागणीला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायची रीत आहे. मुलं लहान होती तोवर पाचही रहस्यं (येशू-मरियेच्या जीवनातले प्रसंग) व्हायची. पुढे ट्यूशन, फुटबॉल, नवऱ्याची उशिराची ड्युटी. सासूबाईंना वाईट वाटायचं, मुलं घड्याळ बघत बसायची. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. रोज एकच रहस्य, पण घरात असेल त्या प्रत्येकानं हजर राहायचं. पूर्ण तेर्स शनिवारी. तेव्हापासून खंड नाही. दर मण्याला प्रार्थनेचा पहिला भाग एकानं म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी. पुढचा भाग मी मराठीतून म्हणते, सासूबाई कोकणीतून पुरा करतात. प्रत्येक रहस्याआधी मुलं एकेक नाव सांगतात, आजारी मित्र, परीक्षेतली मैत्रीण, शेजारचे काका. यामुळे वाड्यात कुणाचं काय चाललंय ते मला मुलांकडून कळतं, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी डोकावता येतं. प्रार्थना घराबाहेर जायला हवी असं फादर नेहमी सांगतात. आमची या वाटेनं जाते.

कळंगुट, हॉटेलात आचारी

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचं, म्हणजे चाळीसेचं लिहितो. राखेचा बुधवार, गुड फ्रायडे आणि चाळीसेतले शुक्रवार मांस वर्ज्य असतं. पण गोव्यात मांस सोडून मासे खाणं याला त्याग कसं म्हणायचं? मला तर मटणापेक्षा इसवण (सुरमई) प्रिय. म्हणून शुक्रवारी मी मासळीही सोडतो. वरण-भात आणि लोणचं. त्या दिवशी बाजारात इसवणीचा जो भाव असेल तेवढे पैसे डब्यात टाकतो आणि ईस्टरच्या आधी चर्चमधल्या गरिबांच्या निधीत देतो. भाव चढला की डबा लवकर भरतो. कठीण एवढंच की दिवसभर दुसऱ्यांसाठी मासे तळायचे आणि चव मदतनिसाला घ्यायला लावायची. पण त्याच वेळी प्रार्थना आपोआप सुचते.

फोंडा, बांधकाम ठेकेदार

ताई, तुम्ही मजुरी म्हणालात म्हणून सविस्तर लिहितो. लेवीय १९:१३ मध्ये आज्ञा आहे की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवायची नाही. अनुवाद २४:१५ मध्ये तीच गोष्ट सूर्य मावळण्याआधी करायला सांगितली आहे. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. हे सगळं लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्या धंद्यात मात्र रीत वेगळी. आठवड्याला फक्त खर्ची द्यायची आणि बाकी हिशेब काम संपेपर्यंत अडकवून ठेवायचा. म्हणजे गवंडी पळत नाही, असं सगळे सांगतात.

मी ठरवलं की शनिवारी ऊन असतानाच पूर्ण हिशेब करायचा. मनात आणणं सोपं होतं, पैशाची जुळणी कठीण. बिल्डरकडून बिल निघायला महिने लागतात. त्यामुळे मी एक साइट कमी घेतो आणि मजुरीचं बँक खातं वेगळं ठेवतो. त्या खात्यातून सिमेंट-सळी कधीच घेत नाही. एकदा एका बिल्डरनं बिल फार लांबवलं तेव्हा बायकोनं स्वतःहून दागिने काढून दिले आणि आम्ही त्यावर कर्ज घेतलं. तिचा विश्वास माझ्याहून मोठा आहे, हे इथे लिहायलाच हवं.

पूर्ण पैसे मिळाल्यावर काही कामगार सोडून गेले का? गेले. पैसे त्यांचे होते, ते कुठे जातील हे ठरवणारा मी कोण? बरेचसे राहिले. सेंटरिंगचा एक मिस्त्री घरी मुलीची फी वेळेवर पाठवू शकला, त्यानं मला पावतीचा फोटो दाखवला. बायबलचा वर्ग रविवारी असतो, पण मला ते वचन त्या पावतीवर समजलं.

वास्को, नवरा जहाजावर

जहाजावर रविवार वेगळा नसतो, पाळी असते. आम्ही दोघांनी एक नेम धरलाय. कॅथलिक चर्चमध्ये त्या त्या दिवशीचं शुभवर्तमान जगभर बहुतेक ठिकाणी एकच असतं. तो त्याच्या वेळेनं वाचतो, मी माझ्या. मग ज्या ओळीवर मन थांबलं ती ओळ एकमेकांना आवाजी संदेशात पाठवायची. नेट नसेल तर बंदरात पोचल्यावर सगळे संदेश एकदम येतात. पैशावरून कुरबूर झालेली असली तरी हा संदेश जातोच. सायबीण (मरियामातेची मूर्ती) वाड्यात घरोघर फिरते तेव्हा आमच्या घरच्या रात्री त्याला व्हिडिओ कॉलवर घेतो, जमलं तर.

पणजी, कॉलेज

प्रवचनांच्या रील्स मी बंद केल्या. तीस सेकंदांत कुणी आजार बरा करतो, कुणी नोकरी मिळवून देतो. ते बघून मला येशूची ओढ लागत नव्हती, भीती वाढत होती. आता फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' वाचते, एका वेळी थोडंच, टिपांसकट. माझी रूममेट सावंतवाडीची, हिंदू. ती प्रश्न विचारते, आणि तिला उत्तर द्यायचं म्हणून मी जास्त नीट वाचते.

डिचोली, निवृत्त प्राथमिक शिक्षक

मी ख्रिस्ती नाही, तरी लिहू द्याल ना? मे महिन्यात आमच्या शेजाऱ्यांच्या खुरसापाशी (क्रुसापाशी) लदीन असते. व्हायोलिन, लॅटिन गाणं, शेवटी उकडलेले चणे. मला बोलावणं असतं आणि मी जातो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहायला आमच्याकडची माणसंही जातात, लईराई देवीची ती बहीण मानतात. या शेजाऱ्यांचं मला काय भावतं सांगतो. लदीन झाली की वाड्यातल्या परप्रांतीय मजुरांच्या खोल्यांवर ते स्वतः चणे घेऊन जातात, मुलांना पाठवत नाहीत.

बांबोळी, नर्स

आमच्या बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६५१ साली जन्मले. १६९७ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली, लोक रोग्यांना टाकून पळाले, तेव्हा त्यांनी त्या रोग्यांची सेवा केली. २०१५ मध्ये ते संत घोषित झाले. वॉर्डात हात धुताना मी त्यांची आठवण करते. हात धुवायला लागणारा वेळ म्हणजे एक छोटी प्रार्थना, पुढच्या रुग्णाच्या नावानं. रुग्णापुढे धर्माचं बोलत नाही. आजारी माणूस अडलेला असतो, त्याच्या अडचणीत आपलं म्हणणं पुढे करणं मला बरोबर वाटत नाही. कुणी स्वतः म्हणालं, "सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना करा", तर थांबते आणि करते, तो कुठल्याही धर्माचा असो.

एक विचारायचं होतं. शनिवार-रविवार सलग ड्युटी आली की मिस्सा चुकते. इतर काय करतात?

कळंगुटहून पुन्हा

सिस्टर, सीझनमध्ये आमचा रविवार जातोच. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते, म्हणून मी शनिवारची सकाळची पाळी मागून घेतो. बदल्यात सहकाऱ्याला गणपतीत आणि दिवाळीत सुट्टी मिळावी म्हणून त्याच्या पाळ्या मी करतो. तुमच्याही वॉर्डात अशी अदलाबदल होते का, विचारून पाहा. दोन्ही दिवस अडकलात तर आजाऱ्यांची सेवा हे मिस्सा चुकण्याचं रास्त कारण धरलं जातं, त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. फादरांशी एकदा बोला.