‘चिअर्स’ म्हणजे आभार की निरोप?

शब्दपिसाट
ग्लासला ग्लास भिडवतानाचा ‘चिअर्स’ माहीत आहे. पण ब्रिटिश मंडळी ईमेलच्या शेवटी ‘चिअर्स’ लिहितात, फोन ठेवतानाही तेच. नेमका अर्थ काय घ्यायचा, उत्तर काय द्यायचं? आणि अमेरिकन माणसाला असं लिहिलेलं चालतं का?

खडूफळा
ब्रिटनमध्ये रोजच्या बोलण्यात याचा पहिला अर्थ ‘थँक्स’. कुणी दार धरून ठेवलं, मीठ पुढे सरकवलं, की ‘चिअर्स’. कशाबद्दल ते सांगायचं तर पुढे ‘फॉर’ येतं: ‘चिअर्स फॉर द लिफ्ट’. ‘चिअर्स टू’ म्हटलं की आभार नाहीत, कुणाच्या तरी नावाने ग्लास उंचावला! शेवटचा ‘स’ही गाळू नका, नुसत्या ‘चिअर’चा अर्थ आभार होत नाही.

उत्तरात ‘नो वरीज’ किंवा ‘नो प्रॉब्लेम’ पुरे. मोठ्या उपकाराला मात्र हा शब्द तोकडा पडतो, तिथे ‘थँक यू सो मच’च हवं. शोकसंदेशात आणि नोकरीच्या अर्जात तर नकोच. शिवाय सूर ऐका. ‘ओह, चिअर्स’ असं आवाज खाली उतरवत म्हटलं तर तो टोमणा असतो, आपल्या ‘उपकार झाले!’सारखा.

बाराखडी
प्रदेशाप्रमाणे बराच फरक पडतो. ब्रिस्टलमध्ये बसमधून उतरताना लोक ‘चिअर्स, ड्राइव्ह!’ म्हणतात, ‘ड्राइव्ह’ म्हणजे ड्रायव्हर. उत्तर इंग्लंडात याच जागी ‘टा’ही खूप ऐकू येतो. दक्षिण आफ्रिकेत ‘चिअर्स’ हा सरळ निरोप आहे, ‘येतो’ म्हणतो तसा. ऑस्ट्रेलियात आभारालाही चालतो आणि ईमेलच्या शेवटीही. अमेरिकेत तो मुख्यतः ग्लासापुरता. ईमेलमध्ये लिहिलात तर कळेल, पण काहींना ब्रिटिश ढब उसनी आणल्यासारखी वाटते. तिथे ‘थँक्स’ किंवा ‘बेस्ट’ लिहा.

मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ ‘चेहरा’. त्यावरून चेहऱ्यावरचा भाव, मग मनःस्थिती, मग आनंद. आभाराचा अर्थ बराच अलीकडचा, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेला.

शब्दपिसाट
उत्तम! मग अनोळखी ब्रिटिश माणसाला पहिल्याच ईमेलमध्ये चालेल?

खडूफळा
तिथे ‘काइंड रिगार्ड्स’ लिहा. त्यांच्याकडून ‘चिअर्स’ आलं की पुढच्या ईमेलपासून तुम्हीही खुशाल लिहा.